पहिलें मिनिट

‘पाण्यांत पडलें म्हणजे पोहतां येतें’ असें आपल्याकडे म्हणतात. मुलगी सासरीं निघाली, मुलगा नोकरीवर रुजू झाला, नव्या सुनेच्या हातीं स्वयंपाकघर सोपविलें, कीं वडील माणसांच्या तोंडीं हें वाक्य ठरलेलें. आम्हीं स्वतः तें किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. संसाराच्या बाबतींत त्यांत तथ्य असेलही. परंतु खऱ्याखुऱ्या पाण्याच्या, विशेषतः थंड पाण्याच्या बाबतींत तें किती घातक आहे, हें आम्हांस वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, आणि तेंही आमच्या नातीकडून, शिकावें लागलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तींत आमची स्वतःची एक जुनी चूक येते. तीही झांकून ठेवणार नाहीं.

आमची कन्या व जामात गेलीं तीस वर्षें अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहत आहेत. ही त्यांची धाकटी मुलगी. तिनें वैद्यकी करावी, निदान संगणकाचा तरी अभ्यास करावा, अशी घरांत सर्वांची अपेक्षा. तिनें जीवशास्त्राची पदवी घेतली आणि एके दिवशीं दूरध्वनीवरून जाहीर केलें कीं, आपण ‘कॉन्झर्व्हेशन ऑफिसर’ होणार. सौभाग्यवतींनीं विचारलें, “म्हणजे जंगलखात्यांतला शिपाई का ग?”

“तसेंच म्हण ना, आजी,” ती म्हणाली, “मात्र या शिपायाला बंदूक असते, नाव असते, आणि गुन्हेगार पकडला तर कोर्टांत साक्षही द्यावी लागते.”

हरीण, बदकें, मासे इत्यादिकांच्या शिकारीविषयीं त्या राज्यांत कडक कायदे आहेत. कोणत्या महिन्यांत कोणता प्राणी किती संख्येनें मारावा हें ठरलेलें, परवाना हवा, मर्यादा ओलांडली कीं दंड. हे कायदे पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारे अधिकारी तेथें १८८७ पासून आहेत. जुन्या लोकांच्या तोंडीं त्यांचें ‘गेम वॉर्डन’ हें नांव अजून आहे. एकेका अधिकाऱ्याकडे शेंकडों चौरस मैलांचा टापू. बहुतेक वेळ एकट्यानें फिरावयाचें. आणि ज्यांना हटकावयाचें, त्यांच्या हातीं बहुधा बंदूक असावयाची. हें ऐकून सौभाग्यवतींची झोंपच उडाली. परंतु नात म्हणाली, “बंदुकीचें मला इतकें नाहीं वाटत, आजी. आम्हांला पाण्याला भ्यायला शिकवतात.”

या बोलण्याचा अर्थ आम्हांस गेल्या हिवाळ्यांत तिकडे गेल्यावर कळला. मिनेसोटांतील मोटारींच्या पाट्यांवर ‘दहा हजार सरोवरें’ असें छापलेलें असतें, आणि ती बढाई नव्हे. दहा एकरांहून मोठीं तेवढींच सरोवरें मोजलीं तरी त्यांची संख्या ११,८४२ भरते. हिवाळ्यांत हीं सारीं गोठतात. नातीचें शिक्षण चालू असतां सुटीच्या एका दिवशीं तिनें आम्हांस ‘मिल लॅक्स’ नांवाच्या सरोवराकडे नेलें. त्याचा विस्तार सुमारें दोनशें चौरस मैल; आणि त्या विस्तीर्ण पांढऱ्या मैदानावर लाकडी खोपट्यांचें गांवच्या गांव वसलेलें! रस्ते आंखलेले, मोटारी धांवत असलेल्या, धुराडीं पेटलेलीं. प्रत्येक खोपटांत बर्फास भोंक पाडून गळ सोडून बसलेले लोक. मासे या विषयांत आमचें ज्ञान शून्य असल्यामुळें त्यांची सुखदुःखें आम्हांस फारशीं कळलीं नाहींत. परंतु आपण उभे आहों ती जमीन नसून पाणी आहे, ही जाणीव पायांच्या तळव्यांना क्षणभरही सोडीना.

नात मात्र बर्फाकडे, आपल्या आया उकळत्या दुधाकडे पाहतात तशी पाहत होती. तिनें सांगितलें कीं, नवा, स्वच्छ, कांचेसारखा बर्फ चार इंच जाड असेल तर माणसानें त्यावरून चालावें. पांढरट बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट जाडी हवी. एकाच तळ्यांत एके ठिकाणीं फूटभर बर्फ, तर दहा पावलांवर, आंत झरा असेल तेथें, दोनच इंच. म्हणून अधिकाऱ्यानें हातांत लोखंडी पहार घेऊन पुढील बर्फ ठोकीत जावें. गळ्यांत दोन लहान मुठी दोरीनें बांधलेल्या असतात; त्यांना अणकुचीदार खिळे असतात. बर्फ फुटून आंत पडल्यास त्या बर्फांत रोंवून स्वतःला वर ओढावयाचें. त्या मुठी तिनें आमच्या हातांत दिल्या. एवढ्याशा वस्तूवर आपल्या नातीचा जीव टांगलेला असावा, हें पाहून आम्ही कांहीं बोललों नाहीं.

त्या प्रांतांत या भीतीला इतिहासही आहे. ११ नोव्हेंबर १९४० हा पहिल्या महायुद्धाच्या तहाचा स्मरणदिन, म्हणून सुटीचा दिवस. सकाळ इतकी उबदार होती कीं, शेंकडों शिकारी पातळ कपड्यांनिशीं मिसिसिपी नदीच्या बेटांवर बदकांच्या मागें गेले. दुपारीं वादळ उठलें, पारा भराभर उतरला, लाटांनीं नावा उलथून टाकल्या, आणि भिजलेलीं माणसें रात्रभर बेटांवर अडकून पडलीं. एकट्या मिनेसोटांत त्या वादळानें ४९ बळी घेतले, आणि त्यांतील सुमारें निम्मे शिकारी होते. दुसरे दिवशीं विनोना येथील मॅक्स कॉनरॅड नांवाच्या वैमानिकानें सोसाट्याच्या वाऱ्यांत आपलें लहानसें विमान नदीवर फिरवून अडकलेल्यांना हुडकलें व त्यांच्यापाशीं अन्न व काड्यापेट्या टाकल्या. शिकारी जेथें जातो तेथें त्याच्यावर देखरेख करणाऱ्यासही जावें लागतें. आणि शिकारी बुडूं लागला तर पुष्कळदां प्रथम पोंचणारा तोच असतो. म्हणून या उमेदवारांना कायद्याच्या कलमांबरोबर थंड पाण्याचाही धडा द्यावा लागतो.

तो धडा असा. गोठलेल्या तळ्यांत करवतीनें चौकोनी खाडा करतात. कमरेला दोर बांधून एकेका उमेदवाराला त्यांत उतरवितात. दोराचें दुसरें टोंक कांठावरील सोबत्यांच्या हातीं. पाणी आंत शिरूं न देणारा पोशाख घातलेले शिक्षक पाण्यांतच उभे. जवळ तंबू, शेगडी व वैद्य. आम्हांस वाटलें, ही सहनशक्तीची परीक्षा असावी. अधिक वेळ टिकेल तो अधिक शूर. नातीनें मान हलविली.

“तसें नाहीं, आजोबा. आंत गेल्याबरोबर पोहायचें नाहीं, बाहेर पडायची धडपड करायची नाहीं. पहिलें एक मिनिट फक्त श्वास आवरायचा. शिक्षक वरून विचारतात, नांव काय? आपलें नांव सरळ सांगतां आलें कीं मग पुढचें.”

“तुला सांगतां आलें?”

“पहिल्या खेपेला नाहीं. तोंड उघडलें, पण नांवच निघेना.”

या मुलीनें वयाच्या तिसऱ्या वर्षीं आम्हांस संपूर्ण नांव, वडिलांचें नांव व घरचा पत्ता एका दमांत म्हणून दाखविला होता!

याचें शास्त्र तिनें आम्हांस समजावून दिलें. कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनीं शरीरावर होणाऱ्या थंडीच्या परिणामांचा अभ्यास करण्यांत आयुष्य घालविलें, आणि त्यासाठीं स्वतःचें शरीर बर्फाच्या पाण्यांत अनेक वेळां गारठवून घेतलें. त्यांनीं सामान्य माणसास लक्षांत राहील असें एक सूत्र बसविलें: एक मिनिट, दहा मिनिटें, एक तास. अतिशय थंड पाण्यांत पडतांच माणसाला इच्छेविरुद्ध एक मोठा आचका येतो व छाती भात्यासारखी चालूं लागते. त्या आचक्याच्या वेळीं तोंड पाण्याखालीं असेल तर तेवढ्यानेंच कारभार आटोपतो. हृदयावरही एकाएकीं भार पडतो. परंतु ही अवस्था सुमारें एका मिनिटांत ओसरते. नंतर दहाएक मिनिटें हातपाय काम देतात. बाहेर पडण्याचा उद्योग त्या अवधींत उरकावयाचा. मग स्नायू व मज्जातंतू गारठून बोटें, हात, पाय एकामागून एक सोडून जातात. उत्तम पोहणाराही मग पोहूं शकत नाहीं. शरीर आंतून गारठून शुद्ध जाण्यास मात्र एक तासाच्या आसपास लागतो. म्हणजे लोक समजतात त्याप्रमाणें थंडीनें गोठून माणूस इतक्या लवकर मरत नाहीं. तो बहुधा पहिल्या मिनिटांत श्वास हरवून, नाहीं तर नंतर हात हरवून बुडतो. ज्याच्या अंगांत तरंगणारें जाकीट आहे त्याचें तोंड पाण्यावर राहतें. म्हणून नातीला नावेंत पाऊल टाकण्यापूर्वीं तें घालावेंच लागतें.

आम्हीं शंका काढली कीं, शरीर सशक्त असेल, मन खंबीर असेल, तर हा आचका दाबतां येत नसेल काय? नातीनें उत्तर दिलें नाहीं. स्वयंपाकघरांतील परात काढली, तींत पाणी व बर्फ घातला, आणि म्हणाली, “हात घाला, कोपरापर्यंत.” आम्हीं घातला. आंत जातांच हाडांत कळ उठली; आम्हीं दांत आवळून घड्याळाकडे पाहत राहिलों. पांच मिनिटांनीं तिनें हात पुसला व लेखणी दिली. ज्या बोटांनीं आम्हीं चाळीस वर्षें विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या, त्यांना ती लेखणी धरतां येईना. आमची सही म्हणून जें उमटलें तें बँकेनें नाकारलेंच असतें. सौभाग्यवती नातीवर रागावल्या. आमचें मन मात्र त्या परातींतून उठून फार दूर, फार वर्षें मागें गेलें होतें.

सन १९६९ च्या मे महिन्यांत आम्ही बदरीनारायणाच्या यात्रेस निघालों होतों. आजी, आई, धाकटे काका आणि आम्ही. आमचें वय अठरा. काका वाईचे, कृष्णेच्या पुरांत घाटावरून उडी टाकून पलीकडे लागणारे म्हणून त्यांची ख्याति होती. देवप्रयागास भागीरथी व अलकनंदा यांचा संगम आहे. घाटावर यात्रेकरूंसाठीं सांखळ्या लावल्या आहेत. त्या धरून स्नान करावयाचें. पंड्यानें काकांना सांखळी दाखविली. “पोहणाऱ्याला सांखळी कशाला?” असें म्हणून काका हंसले, आपलें कोरडें धोतर आमच्या हातीं दिलें, आणि पायऱ्यांच्या आडोशास जेथें पाणी जरा संथ दिसत होतें तेथें त्यांनीं सूर मारला.

ते वर आले ते आमच्यापासून चार-पांच हातांवर. तोंड उघडें, डोळे आमच्याकडे लागलेले. एकही हात पोहण्यासारखा पडेना. नुसते पाण्यावर आपटत होते. आम्हांस तो विनोद वाटला. मग आम्ही ओरडूं लागलों, “पोहा, काका, पोहा!” आईही ओरडत होती. फार तर अर्धें मिनिट गेलें असेल. पाणी त्यांना हळूहळू आडोशाबाहेर घेऊन गेलें, आणि मग प्रवाहानें ओढलें. तिसऱ्या दिवशीं खालच्या अंगास देह सांपडला. घरीं सर्वांनीं ठरविलें कीं, गंगामाईनें आपलें माणूस नेलें. काकूंनींही तेंच मानलें. परंतु आमच्या हातांत नऊ हातांचें धोतर होतें, आणि काका पांच हातांवर होते. हा हिशेब आम्हीं तोंवर कोणासही बोलून दाखविला नव्हता, सौभाग्यवतींनाही नाहीं.

त्या रात्रीं तो आम्हीं नातीस सांगितला. तिनें मधें एक शब्द काढला नाहीं. शेवटीं आम्हीं विचारलें, “धोतर पोंचलें असतें का?”

ती जरा थांबून म्हणाली, “पोंचलें असतें. त्यांना तें धरतां आलें असतें कीं नाहीं, तें मला नाहीं सांगतां येणार.” मग म्हणाली, “आजोबा, पोहा म्हणून सगळेच ओरडतात. कांठावरच्या माणसाला काय ओरडायचें तेंही शिकवावें लागतें. तुम्हांला कोणीं शिकवलें होतें?”

तिनें आमचें खोटें समाधान केलें नाहीं, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों.

दुसरे दिवशीं सकाळीं तिनें आम्हांस कोट-टोपी चढवून मागल्या अंगणांत नेलें. तिच्या हातांत कापडी पिशवी होती. तींत सुमारें पन्नास फूट दोर गुंडाळून भरलेला. टोंक आपल्या मुठींत ठेवून पिशवी खालून वर, बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे फेंकावयाची, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. बर्फांत तिनें एक बादली पालथी घातली. आमची पहिली पिशवी आमच्याच पायांशीं पडली. दुसरी शेजाऱ्यांच्या कुंपणांत गेली. तिसऱ्यानें दोर बादलीवरून गेला. ती टाळ्या वाजवूं लागली. आम्हांस कांहीं वेळ बादली नीट दिसेना.

या शिक्षणाचें मर्म काय, हें त्यानंतर आमच्या ध्यानांत आलें. इंग्लंडांतील पोर्टस्मथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनीं दाखविलें आहे कीं, दोन-तीन मिनिटांच्या अवघ्या पांच-सहा बुड्या घेतल्या तरी थंड पाण्याचा तो धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि ही संवय कित्येक महिने टिकते. म्हणजे उमेदवारांना पाण्यांत उतरवितात तें शूर बनविण्यासाठीं नव्हे, तर ओळख करून देण्यासाठीं. पहिलें मिनिट टाळतां येत नाहीं. मात्र तें एकदां कांठावरच्या दोराच्या भरंवशावर येऊन गेलेलें असलें, म्हणजे जेव्हां खरोखरी येतें तेव्हां तें पहिलें राहत नाहीं. आमचे काका कृष्णेला ओळखत होते. अलकनंदेला ओळखत नव्हते, आणि दोहोंनाही पाणीच म्हणतात म्हणून फसले.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें चारधाम यात्रेस जातात. मुलें काश्मीरला, लडाखला जातात. त्यांच्यासाठीं चार शब्द लिहितों. हिमालयांतील नदींत उडी अगर सूर कधींही मारूं नये, पोहणाऱ्यानें तर मुळींच नाहीं. आधीं हातपाय व तोंड भिजवावें, सांखळी धरावी, मग पायरी-पायरीनें उतरावें. आपल्या वडील पिढीचा स्नानाचे वेळीं मोठ्यानें श्लोक म्हणण्याचा प्रघात होता. नातीला आपलें नांव उच्चारावयास कां लावतात हें कळल्यापासून त्या प्रघाताकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों. हृदयविकार असणाऱ्यांनीं तांब्यानें स्नान करावें. पुण्य उणें होणार नाहीं. कोणी पडलेंच तर त्याच्या मागें उडी घेऊं नये. त्याला सांगावें, “श्वास घ्या, पाण्यावर राहा, आम्ही आहों,” आणि काठी पुढें करावी. काठी नसेल तर दोर, दोर नसेल तर धोतर, लुगडें, जें हातीं असेल तें फेंकावें. बाहेर काढल्यावर आडवें निजवावें, उभें करूं नये. अंग चोळूं नये, मद्य पाजूं नये. ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणांत गुंडाळावें व वैद्यास बोलवावें.

नातीचें शिक्षण पुरें होऊन तिला आतां उत्तरेकडील एक टापू मिळाला आहे. निघतांना तिनें ती दोराची पिशवी आमच्या पेटींत घातली होती. पुण्यास तिचा उपयोग काय, म्हणून सौभाग्यवतींनीं ती माळ्यावर टाकावयास काढली; आम्हीं टाकूं दिली नाहीं. येत्या वैशाखांत काकांचा नातू आपल्या मुलांसह बदरीनारायणास निघणार आहे. मागल्या रविवारीं त्याला बोलावून घेतलें, धोतराची हकीकत प्रथमच त्याच्या कानांवर घातली, आणि पिशवी दाखविली. त्यानें सोसायटीच्या अंगणांत ती तीन वेळां नीट फेंकून दाखविल्यावरच आम्हीं ती त्याच्या हवालीं केली.